आरतीचं ताट कुणाच्या हातात

पुणे,
श्रावण वद्य प्रतिपदा

प्रिय ताई,


तुझं पत्र पोचलं. साताऱ्यातल्या तुमच्या सोसायटीच्या गणपतीत पहिल्या दिवशीच्या आरतीचा मान त्या इच्छुक उमेदवाराला द्यावा की नाही, यावरून समितीत दोन तट पडलेत आणि कार्यवाह म्हणून निर्णय तुझ्यावर आलाय. तुझं मत तू स्वच्छ लिहिलं आहेस: पुढाऱ्याने आपला देव देवघरात ठेवावा, मांडवात आणू नये. आयुष्यभर एकादशी न चुकवलेली बाई हे म्हणते, म्हणून त्याला वजन आहे. तरीही ते मला पुरतं पटत नाही. का पटत नाही, ते या शहराच्याच आधाराने सांगतो.

पुण्यातल्या सार्वजनिक माणसांनी आपली श्रद्धा कधी लपवलीच नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्याआधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्यांनी सत्यशोधक समाज काढला होता. भटजीवाचून लग्नं लावणारा, निर्मिकाला थेट मानणारा हा माणूस आपला धर्म घरी ठेवून पालिकेत जात नव्हता. न्यायमूर्ती रानडे सरकारी न्यायाधीश होते आणि प्रार्थना समाजात उभं राहून धर्मावर व्याख्यानं देत होते. टिळकांनी १८९४ साली विंचूरकर वाड्यात गणपती बसवला. आगरकरांनी देव मानत नाही हे तितक्याच उघडपणे लिहिलं, आणि पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. या चौघांपैकी कुणालाही ‘हा आमचा खासगी मामला’ म्हणून सुटता आलं नसतं. सुटावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

चौघांत रानड्यांची गोष्ट मला सर्वांत जास्त विचारात पाडते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसती पुढ्यात ठेवली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावभर हलकल्लोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडे आधी ठाम राहिले. पण बहिष्कारामुळे त्यांच्या स्नेह्यांच्या घरांत लग्नकार्यं अडली, आईवडील आणि मुलं यांच्यात फूट पडली. तेव्हा १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मंडळी त्यांच्यावर विलक्षण संतापली. त्यांच्या पत्नी रमाबाईंनाही ते आवडलं नव्हतं. त्यांच्या आठवणींत ते सगळं आलं आहे.

ते प्रायश्चित्त योग्य होतं का, यावर पुण्यात आजही वाद होऊ शकतो. मला ते चुकलं असं वाटतं, कारण बहिष्कार टाकणाऱ्यांचं बळ त्यामुळे वाढलं. पण त्याची किंमत कुणी मोजली हे बघ. रानड्यांनी स्वतःची प्रतिष्ठा मोजली, मित्रांची घरं सुटावीत म्हणून. त्यातून त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. पुढाऱ्याची श्रद्धा खरी की खोटी हे आपल्याला कळू शकत नाही. मनात शिरायला वाट नाही. तिचा खर्च कोण उचलतंय, एवढं मात्र बाहेर उभं राहून दिसतं. मी बघतो ते तेवढंच.

आता काकासाहेब गाडगीळ. नरहर विष्णू गाडगीळ, पुण्याचे काँग्रेस पुढारी, स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात बांधकाम खात्याचे मंत्री. यांच्या आयुष्यात दोन देवळं आली, आणि दोन्ही एकत्र ठेवून बघावीत अशी आहेत.

पहिलं आपलं पर्वती. ऑक्टोबर १९२९ मध्ये शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुणेकरांनी पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं ते देऊळ, म्हणजे शहराच्या अभिमानाची जागा. सत्याग्रहींवर दगड आले, दारं बंद झाली. सवर्णांमधून जे थोडे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले त्यांत गाडगीळ होते आणि तरुण एस. एम. जोशी होते. ज्या सदाशिव-नारायण पेठांतून गाडगिळांना उद्या मतं मागायची होती, त्याच पेठा विरोधात होत्या. दार तेव्हा उघडलं नाही.

दुसरं देऊळ सोमनाथ. जुनागढचा कारभार भारताकडे आल्यावर लगेचच, १३ नोव्हेंबर १९४७ रोजी, सरदार पटेलांबरोबर गाडगीळ प्रभासपाटणच्या समुद्रकिनाऱ्यावर होते. देऊळ पुन्हा उभं करावं ही कल्पना तिथे आपल्याला सुचली आणि आपण ती सरदारांना सांगितली, असं गाडगिळांनी पुढे नोंदवलं. सरदारांनी त्याच भेटीत तशी घोषणा केली. आधीचा बेत सरकारी खर्चाने काम करण्याचा होता. गांधीजींनी हरकत घेतली ती देवळाला नव्हे, तिजोरीला. पैसा लोकांनी द्यावा, सरकारने नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सरदारांनी ते मान्य केलं. मग विश्वस्त मंडळ झालं, देणग्या जमल्या. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्राणप्रतिष्ठेला गेले. राष्ट्रपतींनी जाऊ नये असं नेहरूंचं मत होतं. ते त्यांनी कळवलंही. राजेंद्रबाबू तरीही गेले.

या भांडणात शिकलेल्या माणसाने नेहरूंची बाजू घ्यायची असा आपल्याकडे रिवाज आहे. मला मात्र गांधीजींची अट सर्वांत नेमकी वाटते. श्रद्धा दाखवायला त्यांनी मनाई केली नाही. सर्वांच्या पैशाने दाखवायला केली. आणि गाडगिळांना सोमनाथबद्दल बोलण्याचा अधिकार पर्वतीने दिला होता, असं मी मानतो. जो माणूस आपल्या गावच्या देवळाचं दार दुसऱ्यांसाठी उघडावं म्हणून दगडांसमोर उभा राहतो, त्याने दूरच्या पडक्या देवळाबद्दल हळवं व्हावं यात वावगं काही नाही.

त्याच १९४७ सालातलं पंढरपूर तुला सांगायला नकोच. साने गुरुजी काँग्रेसमध्ये घडलेले, समाजवादी विचारांचे, तुरुंगात वर्षं काढलेले राजकारणी. त्यांनी हरिजनांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मेपासून उपोषण केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं. गुरुजींनी आपली श्रद्धा देवघरात ठेवायला हवी होती, असं तू म्हणशील का? तू तर दरवर्षी त्याच दारातून आत जातेस.

याच दारात आता आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक सरकारी महापूजा करतात. रांगेतलं एक वारकरी जोडपं त्यांच्या शेजारी मानाने उभं असतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी या पूजेला धर्मनिरपेक्षतेच्या मुद्द्यावर आक्षेप घेतला होता आणि काही काळ ती थांबलीही होती. पुढे सुरू झाली ती टिकली. २०१८ साली मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं असताना देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी ‘वर्षा’ बंगल्यावर पूजा केली. २०२० साली करोनामुळे वारी बंद होती, तेव्हा उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत मुंबईहून पंढरपूरला पोचले. दोन्ही बातम्या घराघरांत बघितल्या गेल्या. माझ्या मते या सबंध सोहळ्यातली राखावी अशी गोष्ट एकच, ते मानाचं वारकरी जोडपं. राज्यातला सर्वांत मोठा सत्ताधीश आणि रात्रभर रांगेत उभा राहिलेला शेतकरी यांना तिथे एकच जागा मिळते. मुख्यमंत्र्यांनीही रात्रभर रांगेत उभं राहून यावं, असं मला मनापासून वाटतं. ते व्यवहारात बसणार नाही हेही कळतं.

पुण्याकडे परत येतो. एप्रिल आणि मे २०२२ हे दोन महिने या शहरात श्रद्धेच्या राजकारणाचे होते. राज ठाकरे यांनी मशिदींवरच्या भोंग्यांसमोर हनुमान चालिसा लावायला सांगितलं. कात्रजचे माजी नगरसेवक वसंत मोरे तेव्हा मनसेचे पुणे शहराध्यक्ष होते. आपल्या प्रभागातल्या शांततेचं कारण देऊन ते या कार्यक्रमात उतरले नाहीत, आणि काही दिवसांत त्यांचं अध्यक्षपद गेलं. १६ एप्रिलला, हनुमान जयंतीला, राज ठाकरे पुण्यात खालकर मारुतीच्या महाआरतीला आले. मोऱ्यांच्या पुढच्या पक्षांतरांबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्या आठवड्यात शेजाऱ्याची झोप सांभाळणाऱ्याने पद गमावलं, ही नोंद राहिली पाहिजे.

त्याच महिन्यात शरद पवारांना नास्तिक म्हटलं गेलं. प्रचाराचा नारळ आपण कुठे फोडतो ते बारामतीकरांना विचारा, या आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. पवार घराण्याचा प्रचार कन्हेरीच्या मारुतीपासून सुरू होतो हे त्या भागात सर्वांना माहीत आहे. २७ मे रोजी ते दगडूशेठ गणपतीला आले आणि रस्त्यावरूनच हात जोडून गेले. मांसाहार केला असल्यामुळे ते आत गेले नाहीत, असं त्यांच्या पक्षाच्या शहराध्यक्षांनी सांगितलं. त्यावरही चर्चा झडली. बाहेरून नमस्कार करणं हे तर आपल्या आईचंही वळण होतं, त्यात कुणाला काही गैर वाटायचं कारण नाही. मला टोचलं ते दुसरंच. पन्नासहून अधिक वर्षं राजकारणात असलेल्या माणसाला आपण कुठल्या देवाला जातो याचा हिशोब द्यावा लागला. ताई, पुढाऱ्याने देव दाखवू नये असं तू म्हणतेस. इकडे न दाखवणाऱ्याला आता संशयाने बघितलं जातं, आणि ही गोष्ट दाखवण्याइतकीच वाईट आहे.

विलायतेत याच्या उलट होतं. टोनी ब्लेअर पंतप्रधान असताना त्यांच्या माध्यम-सल्लागारांनी देवाचा विषय निघू दिला नाही. पद सोडल्यावर सहा महिन्यांत, डिसेंबर २००७ मध्ये, ब्लेअर उघडपणे कॅथलिक झाले. श्रद्धा तेव्हा अचानक उगवली नसणार. लोकांपासून ती लपवून ठेवल्याने त्यांचे निर्णय जास्त शहाणे झाले, असं इराकच्या युद्धानंतर कोण म्हणेल? म्हणून देवघराचा तुझा उपाय मला अपुरा वाटतो.

कायद्यानेही मौन मागितलेलं नाही. आमदार-खासदाराला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. दोन्ही पर्याय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत शेजारीशेजारी आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ अडवतं ते धर्माच्या नावाने मत मागण्याला. विलेपार्ल्याच्या १९८७च्या पोटनिवडणुकीतल्या प्रचारामुळे रमेश प्रभूंची निवड रद्द झाली आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ही बंदी आणखी रुंद केली: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही.

तरी मतदारांची समज कायद्याच्या पुढे असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्याची पोटनिवडणूक झाली. मुक्ता टिळक यांच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती. भाजपचे उमेदवार हेमंत रासने हे दगडूशेठ गणपती ट्रस्टचे पदाधिकारी. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर मतदानाच्या आदल्या दिवशी कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले. पैसेवाटपाचा आरोप त्यांनी केला होता. दोन्ही उमेदवारांच्या पाठीशी गणपतीच. मानाच्या गणपतींच्या त्या पेठांनी धंगेकरांना सुमारे अकरा हजारांच्या मताधिक्याने निवडून दिलं, आणि २०२४च्या विधानसभेला त्याच पेठांनी रासन्यांना निवडलं. दोन्ही वेळा गणपती तोच होता, त्यामुळे निकाल त्याच्या नावावर लागले नाहीत हे उघड आहे.

आता मला ज्याने खरोखर अस्वस्थ केलं ते सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्यात काही मुस्लिम स्त्रिया नमाज पढत असल्याची चित्रफीत पसरली. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. तिथे प्रार्थना नियमात बसत नसेल तर खात्याने तक्रार करावी, आणि तशी ती झालीही. पण राज्यसभा खासदार मेधा कुलकर्णी कार्यकर्त्यांसह तिथे गेल्या आणि शिववंदना म्हणून, गोमूत्र शिंपडून ती जागा शुद्ध करण्यात आली. सत्तेतल्या मित्रपक्षांतूनही त्यावर टीका झाली. नियम मोडला, हा एक आरोप. जागा बाटली, हा पूर्णपणे वेगळा आरोप. १९२९ साली पर्वतीची दारं ज्या समजुतीने बंद झाली ती हीच, की काही माणसांच्या पायांनी जागा विटाळते. त्या समजुतीविरुद्ध याच शहरातल्या माणसांनी दगड खाल्ले. खासदाराने शिववंदना जरूर म्हणावी. दुसऱ्याची प्रार्थना पुसून काढण्यासाठी केलेल्या शुद्धीला मी श्रद्धा म्हणणार नाही.

तर तुमच्या आरतीचं. त्या उमेदवाराला येऊ दे. तो सोसायटीच्या शेजारी राहतो, गणपती त्याचाही आहे. त्याला अडवण्याचा अधिकार समितीला नाही. पण तो इतरांसारखा चपला काढून मागच्या रांगेत उभा राहील असं बघ. कमानीवर त्याचं नाव आणि फोटो घेऊ नका, मग तो मांडवाचा सगळा खर्च देतो म्हणाला तरी. वर्गणीची पावती त्याच्या नावाने बाकीच्यांइतक्याच रकमेची फाड. आणि पहिल्या दिवशीचं आरतीचं ताट तुमच्या फाटकावरच्या राखणदाराला आणि त्याच्या बायकोला द्या. समितीत कुणी विरोध केला तर पंढरपूरच्या मानाच्या जोडप्याचा दाखला दे, आणि तरीही ऐकलं नाहीत तर मला फोन कर, मी स्वतः येऊन बोलेन.

तुझा धाकटा भाऊ