एका चौकोनातलं मांडवा

३ जून २०२०ची सकाळ. मांडव्याच्या घरी पडवीत बसून मी मोबाइलवर हवामान खात्याचा नकाशा बघत होते. अरबी समुद्रातून निघालेली एक रेघ अलिबागच्या दिशेने येत होती. आजीला ती दाखवली आणि म्हटलं, "दुपारी वादळ इकडेच लागणार. स्लॅबच्या घरात जाऊया."

"असली लय बघितली," ती म्हणाली. "आजवर एक तरी इकडं वळलं का?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जूनमधली बरीचशी वादळं गुजरात नाहीतर ओमानकडे जातात. एका बाजूला तिची ऐंशी वर्षं, दुसऱ्या बाजूला माझ्या हातातली रेघ. शेवटी बाबांनी तिला जवळजवळ उचलूनच शेजाऱ्यांकडे नेलं.

दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. संध्याकाळी परतलो तेव्हा वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या होत्या आणि आजीच्या खाटेवर कौलांसकट एक वासा पडला होता. ती खाटेकडे बघत उभी राहिली. काही बोलली नाही.

ती रेघ कोणी काढली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. पुढे पुण्यात एमएस्सीला त्याचं उत्तर कळलं. संगणकात पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात तापमान, दाब, वारा, बाष्प यांचे आकडे असतात. गती आणि उष्णतेची समीकरणं ते आकडे काही मिनिटांनी पुढे सरकवतात, पुन्हा पुन्हा. तेव्हा आपल्याकडच्या जागतिक मॉडेलचा चौकोन साधारण १२ किलोमीटरचा होता. मांडवा, सासवणे, आवास ही तिन्ही गावं त्यात मावतील. आमची पोफळ पडेल की राहील, हे त्या चौकोनाला माहीत नसतं. त्याच्या आत मावणाऱ्या ढगांचाही हिशेब अंदाजी सूत्रांनी करावा लागतो आणि ती सूत्रं पृथ्वीवरच्या नोंदींशी जुळवून घेतलेली असतात.

प्रोजेक्टसाठी मी परग्रहाचं हवामान निवडलं. ब्रिटनच्या हवामान खात्याचं 'युनिफाइड मॉडेल' आपल्याकडे नोएडाचं राष्ट्रीय केंद्र रोजच्या अंदाजासाठी वापरतं. तेच मॉडेल एक्झिटरच्या संशोधकांनी प्रॉक्सिमा बी या ४.२ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहासाठी चालवलं. ग्रहाचा आकार, गुरुत्व, फिरण्याचा वेग, ताऱ्याची उष्णता, हवेतले वायू हे आकडे बदलायचे. समीकरणं तीच. एचडी १८९७३३ बी नावाच्या ग्रहावर ताशी ८,७०० किलोमीटरच्या आसपास वारा असल्याचं दुर्बिणीतून मोजलं गेलंय. त्याच्यापुढे निसर्ग म्हणजे फुंकर.

माझ्याकडे एवढा मोठा संगणक नव्हता. हॅम्बुर्ग विद्यापीठात तयार झालेलं 'प्लॅनेट सिम्युलेटर' लॅपटॉपवर चालतं, तेच घेतलं. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे ठेवली. पहिले आठ दिवस मॉडेल कोसळत राहिलं. वाऱ्याचे आकडे फुगत जायचे आणि सगळं बंद पडायचं. नवव्या दिवशी ग्रह टिकला.

तेव्हाच बाबांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "तिथं राहतंय कोण? कुणाला वाचवणार?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, "बाबा, तुम्ही मांडव्याच्या खाडीत डोळे झाकून होडी आणाल. पण ते होडी येते म्हणून की खाडी पाठ आहे म्हणून, हे कसं कळणार? अनोळखी खाडीत घातली की कळेल." मॉडेलचंही तसंच आहे. परग्रहावर जुन्या नोंदींचा आधार नसतो. एकाच ग्रहाला दोन मॉडेल वेगवेगळे ढग देतात, तेव्हा आपल्याला ढग नेमके कुठे कळलेले नाहीत ते दिसतं. आणि समुद्र तापतोय, तशी आपली पृथ्वीही थोडी थोडी अनोळखी होत चालली आहे. ऐंशी वर्षं बघितलेलं पुढच्या वादळाला लागू पडेलच, असं नाही.

"हं," बाबा म्हणाले. पटलं की नाही, कळलं नाही.

सुट्टीत आजीला लॅपटॉपवर माझा ग्रह दाखवला. जिथे तारा कायम डोक्यावर, तिथेच ढगांचा जाड पांढरा गोळा जमला होता. तोच ताऱ्याचं ऊन परतवतो, म्हणून खालची जमीन भाजून निघत नाही.

"म्हणजे इथला पाऊस सरतच नाही?"

"नाही."

"मग नारळी पुनव कधी? होड्या कधी काढायच्या?"

मी हसले. ती हसली नाही. थोडा वेळ त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आपली रेघ दाखव. आज काय म्हणतेय?"

आता रोज सकाळी ती हे विचारते. खाट मात्र अजून त्याच जागी आहे. तिथून समुद्र ऐकू येतो म्हणते.