वडाचे पान

गेल्या वर्षी केरीहून फेरीबोटीने आम्ही तेरेखोलला वडिलोपार्जित घरी गेलो. अंगणातल्या वडावर केसाळ सुरवंट पाहताच काकींनी पलिता पेटविला. चिरंजीवांनी हट्टाने दोन सुरवंट बरणीत वाचविले.

दोघांनी पानालाच चिकटून कोष केले. काही दिवसांनी एकातून लोकरीसारखी मऊ, फिकट पिवळी मादी निघाली. दुसऱ्यातून काचेसारख्या पुढच्या पंखांचा काळसर नर. एकाच जातीची, पण ओळख पटू नये! शास्त्रीय नाव ‘पेरिना नुडा’. पंख फुटल्यावर हा पतंग काही खात नाही. बाळपणीच्या पानांवरच उरलेले आयुष्य काढतो.

परमुलखात वाढणाऱ्या आमच्या मुलांना आम्ही कोणते पान भरविले, हा प्रश्न परतीच्या वाटेवर आम्हांला सलत राहिला.