आंधळं दळतं

‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण आपण सरकारी कारभाराला लावतो, सहकारी संस्थांना तर हमखास. राग सगळा कुत्र्यावर, दळणाऱ्याची जराशी कीव, आणि विषय मिटतो. मिटायला हरकत नाही, पण त्यातलं ‘आंधळं’ काही केल्या खाली बसत नाही. जात्यावर बसायची ती बाई. मग सरळ ‘आंधळी’ म्हणावं. कुठे कुठे म्हणतातही. तरी तोंडात रुळलंय ते ‘आंधळं’च. लंगडं, मुकं, बहिरं, येडं. ही सगळी लेकरू आणि पोरगं यांच्या रांगेत जाऊन बसतात, आणि लेकराला विचारून कुणी काही ठरवत नाही. उलट ‘आंधळा मागतो एक डोळा’ म्हणताना तो पुल्लिंगी होतो. राबत होतं तोवर नपुंसक, मागायला लागला की पुरुष. दोन म्हणींवर एवढा डोलारा उभारू नये, हे कळतं. मायेनेही आपण ‘गुणाचं आहे माझं’ म्हणतोच. पण कितीतरी निर्णय त्या मायेतच हातातून जात असतील, हेही मनातून जात नाही.

कायद्यातही ही माया दिसते. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमण्याची सोय करतो. त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती, आणि समितीत तिघे: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तिसरी खुर्ची ठेवली, हे त्या काळी थोडं नव्हतं. पण अर्ज कोणी करायचा? आईबापांनी, नातेवाइकांनी किंवा नोंदणीकृत संस्थेने. आईबाप आपल्या पसंतीच्या माणसाचं नाव सुचवणार. ज्याला तो पालक मिळणार, त्याच्या पसंतीचा उल्लेख अर्जाच्या त्या कलमात नाही. पुढे 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला आणि 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आलं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, दोघांनी मिळून, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. जुना कायदाही रद्द झालेला नाही; दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. यावर आक्षेप असा की ज्याला भूक लागली हेही सांगता येत नाही, त्याची इच्छा कळायची कशी? आक्षेप खरा आहे, आणि तो बहुधा भरवणाऱ्याच्या तोंडून येतो, म्हणून उडवून लावता येत नाही. मात्र भरवणाऱ्या हाताला हेही ठाऊक असतं की न गिळता गालात धरून ठेवलेला घास म्हणजे नकार. शब्दाविना इच्छा कळते, रोज कळते. कागदाला ती पुरत नाही, कागदाला अंगठा लागतो.

बीडमध्ये हा प्रश्न एका वेगळ्या अंगाने पाहता येतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, अशी मोजणी. मागे राहतात ती म्हातारी माणसं, आणि ज्यांच्या हाती कोयता चालत नाही ती. 26 जानेवारीची ग्रामसभा नेमकी हंगामात पडते. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा राज्याचा नियम आहे. म्हणजे निदान त्या दिवशी, ज्यांना मुकादम अर्धा कोयताही धरत नाही त्यांचाच गाव असतो, आणि त्यांच्याच वाट्याच्या पैशांचा हिशेब व्हायला हवा. आता सभा ज्या ओट्यावर भरते त्याला पायऱ्या, सूचना फळ्यावर, आणि सगळी चर्चा तोंडी. शिवाय पोलिओने पाय गेलेला शिकलेला गडी बहिऱ्या बाईच्या वतीने काय बोलणार? तामिळनाडूने 2025 मध्ये स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नेमायचं ठरवलं. तेही नेमलेले, निवडून आलेले नव्हेत. पण रिकाम्या खुर्चीपेक्षा बरं.

इथवर माझा युक्तिवाद सरळ होता: ज्याचं त्याला विचारा. 1994 साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ओरड झाली आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. हे उदाहरण माझ्या बाजूचं. पण बीडमध्ये ‘पिशवी काढली’ हे वाक्य उसाच्या फडातही ऐकू येतं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहांत एकीची. यांना कुणी पालक नेमलेला नव्हता. कायद्याने त्या पुऱ्या शहाण्या, सज्ञान. संमतीचा कागदही बहुतेकींचा असणार. विचारलं नाही असं म्हणता येत नाही. मात्र विचारायच्या आधीच उचल घेतलेली होती, आणि पाळीत दोन दिवस घरी बसलं की खाडा. डॉक्टरांनी भीती घातली, असंही पुढे आलं. मग शिरूरच्या मुलीला आणि फडातल्या बाईला वेगळं करणारी ती ‘इच्छा’ नेमकी कुठे होती? कुणी म्हणेल, ऊसतोडीचा प्रश्न मजुरीचा आहे, दिव्यांगांच्या हक्काचा नव्हे. असेल. पण ज्या तिसऱ्या खुर्चीसाठी मी एवढा भांडत होतो, तिच्यावर बसलेल्या माणसाचीही कुठे ना कुठे उचल असणारच, घराची, संस्थेची, नाहीतर साहेबाची. तो ‘हो’ म्हणाला तर ते कुणाचं ‘हो’ धरायचं, ते आता मला नीट सांगता येत नाही.

आणि ती म्हण. आंधळ्या बाईला कुत्रं कळत नसेल, हे डोळस माणसाने गृहीत धरलेलं. जात्यातून पडणारं पीठ बारीक की भरड, ते ती बोटांनी जाणते. कुत्र्याची जीभ तिला ऐकू आली नसती का? आली असती, जातं थांबलं असतं तर. घरघरीत काही ऐकू येत नाही. आणि जातं थांबवायचं म्हणजे दळण राहिलं.