तुरटीनंतरचा फ्लोराइड

नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने 1970च्या दशकात फ्लोराइडग्रस्त गावांसाठी एक स्वस्त पद्धत घडवली. पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी प्यायचं. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. पद्धत गुणाची आहे. पण असं पाणी तपासायला आलं की मुरलेला विश्लेषक सावध होतो. तुरटीतलं थोडं ॲल्युमिनियम त्यात उरलेलं असू शकतं, आणि ॲल्युमिनियम फ्लोराइडला घट्ट धरून ठेवतं.

‘स्पॅडन्स’ या रंगपद्धतीत झिर्कोनियम आणि रंगद्रव्याचं लाल द्रावण फ्लोराइडमुळे फिकं पडतं. ॲल्युमिनियमने पकडलेला फ्लोराइड मात्र त्या रंगापर्यंत पोचतच नाही. लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असलं आणि वाचन लगेच घेतलं, तर फ्लोराइडचा आकडा साधारण तेवढ्यानेच कमी भरतो. दोनेक तास थांबलं की अडथळा बराच ओसरतो. नमुना आधी ऊर्ध्वपातित केला तर उत्तमच. पण नमुन्यांची रांग लागलेली असताना थांबायला सवड कुणाला असते? मग जिथे शुद्धीकरण झालं, नेमकं तिथलंच पाणी आहे त्याहून कागदावर चांगलं दिसतं. मन अस्वस्थ करणारी गोष्ट आहे ही, कारण त्या कागदाच्या भरवशावर लहान मुलं ते पाणी पितात.

भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. एवढ्या अरुंद पट्टीत दशांशाला फार मोल येतं.

1966 मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी लॅन्थेनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड पुढे आणला आणि काम पुष्कळ सोपं झालं. नमुन्यात घालायचं बफर सामू 5 ते 5.5च्या आसपास राखतं आणि ॲल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवतं. तरी हा इलेक्ट्रोडही हट्टी आहे. फ्लोराइड दहापट झाला की मीटर 25 अंशांना जेमतेम 59 मिलिव्होल्ट सरकतो. म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक सुमारे 4 टक्क्यांना पडते आणि 1.50 चे 1.56 होतात. मे महिन्यात यवतमाळकडून आलेली तापलेली बाटली आणि फ्रिजमधून नुकतंच काढलेलं प्रमाण द्रावण एकमेकांशी ताडून पाहणं म्हणूनच चुकीचं. दोन्ही एका तापमानाला येईपर्यंत थांबावंच लागतं.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. रंगपट्टीशी डोळ्यांनी जुळवलेला रंग 1.4 आणि 1.6 मधला फरक सांगणार नाही, पण कुठला हातपंप संशयास्पद आहे हे या बायका प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी सांगू शकतात. त्यांचा इशारा आला की इलेक्ट्रोडवर फेरतपासणी व्हायला हवी. त्या अहवालात नुसता आकडा पुरेसा नाही. पद्धत कोणती, बफर घातलं होतं का, नमुन्यात मुद्दाम मोजून घातलेल्या फ्लोराइडपैकी किती परत सापडला, हेही आकड्याशेजारी छापलं पाहिजे.