उसाच्या बिलाला मुदत आहे, थेरपीच्या पैशाला पण पाहिजे

आजची नोंद पिकाची नाही, पण हिशोब आपल्याला कळणारा आहे.

माझा धाकटा सहा वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पायाचे स्नायू ताठर राहतात. तालुक्याला अनुदानावर चालणाऱ्या एका केंद्रात आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी व्हायची. ऑगस्टपासून अनुदानाचा हप्ता थांबला. थेरपीवाल्या ताईंनी चार महिने बिनपगारी काम केलं. त्यांनाही घरसंसार आहे, डिसेंबरात शहरात नोकरी धरली. खाजगीत एका वेळचे चारशे रुपये, एसटीचं भाडं वेगळं. आम्हाला पंधरवड्यातून एकदाच झेपायचं.

मार्चअखेर हप्ता आला, पूर्ण आला. कागदावर कुणाचं रुपयाचं नुकसान नाही. पण दिवाळीत पोराची टाच जमिनीला टेकत होती, ती परत उचलली गेलीय. वाढत्या वयात हाड लांबत जातं, स्नायूला ताण मिळाला नाही तर तो आखडतो. ताईंची जागा अजून रिकामीच आहे.

गव्हाला १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. तेव्हाचं पाणी चुकलं तर नंतर दोन पाळ्या जादा देऊन फुटवा भरून निघत नाही. इथंही तेच झालं.

आता उसाचं बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं लिहिलंय. ते मिळवायला भांडावं लागतं हे खरं, पण बोट ठेवायला तारीख तरी आहे. थेरपीच्या अनुदानालाही अशी तारीख ठरवून द्या, एवढीच मागणी आहे. उसाचं नुकसान व्याजानं थोडं तरी भरतं. पोराचे गेलेले महिने कशानंच भरत नाहीत, म्हणून इथली मुदत जास्त कडक पाहिजे.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाका. हप्ता कधी मंजूर झाला आणि कुठल्या टेबलावर किती दिवस होता, एवढंच विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मी टाकलाय. आणि थेरपी चालू आहे तोवर घरी द्यायचे व्यायाम नीट शिकून घ्या. आमच्याकडं सकाळची धार काढून झाली की त्याची आई आणि मी आळीपाळीनं करून घेतो.