माय आणि जांभूळ आख्यान

आमच्या यावलकडे गाण्याला कधी तोटा नव्हता. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या पट्ट्यात केळीच केळी. कुळाचार असलेल्या घरी लग्न झालं की गोंधळी यायचे. वहीच्या मंडळांचे डफ रात्री उशिरापर्यंत घुमायचे. जत्रेत तमाशाचे तंबू लागायचे आणि पहाटे घरोघरी जात्यावर ओव्या चालायच्या. पण ही गाणी म्हणणाऱ्यांना कुणी 'कलावंत' म्हणायचं नाही. गोंधळी आला, दाणे घेतले, गेला. ओवी म्हणणाऱ्या बाईला तर कुणी तेवढंही विचारायचं नाही. पीठ झालं का, एवढंच विचारायचं.

एका वर्षी केळीला बरा भाव मिळाला आणि बाबांनी घरात ट्रान्झिस्टर आणला. रात्रीची लाईट असली की बाबा तो मळ्यात घेऊन जायचे. पाण्याची बारी संपेपर्यंत बांधावर तो वाजत राहायचा. दिवसा तो मायच्या ताब्यात. चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवून ती भाकरी थापायची. त्या कोनाड्यातून आमच्या घरात विठ्ठल उमप आले.

लोकगीतांचा कार्यक्रम लागला आणि उमपांचं नाव पुकारलं गेलं की मायचा हात परातीतच थांबायचा. कधी कोळीगीत, कधी भारूड, कधी गोंधळ. आवाज खणखणीत, पण त्यात कुठं तरी भाजलेल्या ढेकळाचा वास. माय म्हणायची, "हा मानूस गयानं नही गात. पोटातून गातो." गया म्हणजे गळा. आमच्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो. केळी नाही, केयी. जांभूळ नाही, जांभूय.

14 एप्रिलला गावाच्या दुसऱ्या टोकाला लाऊडस्पीकर लागायचा. त्यावर भीमगीतं. आमच्या गल्लीत ती कुणी मुद्दाम ऐकत नसे, तसा रिवाजच होता गावाचा. एकदा माय ओट्यावर उभी राहून कान देऊन ऐकत होती. मला म्हणाली, "हा आपला रेडिओवालाच ना रे?" तोच होता. नायगावच्या चाळीत वाढलेला, बाबासाहेबांच्या चळवळीत गाऊन मोठा झालेला माणूस. ओट्यावरून जाणारी एक म्हातारी म्हणाली, "तो त्यायचा हाये." माय म्हणाली, "आवाज कोनाचा राह्यतो का?" आणि तशीच उभी राहिली, गाणं संपेपर्यंत.

पुढं मी नोकरीनिमित्त मुंबईकडे गेलो. तिथं कळलं की उमप 'जांभूळ आख्यान' नावाचा प्रयोग करतात. 1983 साली आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या लोककला महोत्सवातही ते गाऊन आले होते, हेही तेव्हाच वाचलं. मला त्याचं मोठं नवल वाटलं. आयर्लंडातही म्हणे बकरीच्या कातड्याचं, डफासारखंच गोल वाद्य असतं. बाउरान म्हणतात त्याला. एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातातल्या लहानशा दांडीनं वाजवायचं. त्या लोकांनाही आपल्या शेतकऱ्या-कोळ्यांच्या गाण्यांचा मोठा अभिमान. अशा मुलखात आपला गोंधळी उभा राहिला आणि आमच्या ओसरीवर मात्र तो दाराबाहेर बसतो, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

मी मायला पत्र टाकलं, रेडिओवाल्याला बघायला ये.

ती आली. यावलहून एसटीनं भुसावळ, भुसावळहून रात्रीची गाडी. सोबत भरताची बामणोदची वांगी, कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तिकिटं दाखवली तर म्हणाली, "गोंधयाले तिकीट?" मी म्हटलं, "इथं असंच असतं." ती म्हणाली, "बरं हाये. फुकट देल्लं का लोक वटवट करतात."

नाट्यगृहात आम्ही बऱ्यापैकी पुढं बसलो होतो. दिवे गेले आणि संबळ वाजला. झगा, कवड्यांच्या माळा, दिवटी, तुणतुणं. सगळं आमच्या अंगणातलं, पण उंचावर आणि उजेडात. देवदेवतांना गोंधळाला यायचं आवतण सुरू झालं तेव्हा मायनं अंधारात हळूच चपला काढल्या आणि पायानं खुर्चीखाली सरकवल्या. हात जोडले. बाजूच्या बाईनं वळून पाहिलं. मायला त्याचं काहीच नव्हतं.

उमपांनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. पण रंगमंचावर वय कुठं दिसतंय? कथा तशी मराठी मुलखात जुनी. द्रौपदी कर्णाला पाहते आणि तिचं मन त्याच्यावर जातं. पाचांच्या जोडीला हा सहावा असता तर, असा विचार तिच्या मनात येऊन जातो. कृष्ण ते ओळखतो. मग झाडावरून तुटलेल्या एका जांभळाच्या निमित्तानं तो तिच्या मनातलं बाहेर काढतो. ज्यानं त्यानं मनातलं खरं बोलायचं, म्हणजे जांभूळ पुन्हा देठाला जाऊन लागेल. मायकडून मी ही गोष्ट लहानपणी कितीदा तरी ऐकली होती. तिच्या गोष्टीत द्रौपदी लपवायला बघायची आणि वर चढलेलं जांभूळ पुन्हा खाली यायचं. आम्ही पोरं त्या जांभळालाच हसायचो.

इथं कुणी हसलं नाही. उमप कधी सांगणारे गोंधळी होते, कधी कृष्ण. आणि मग द्रौपदी. नजर किंचित खाली गेली, खांदा जरासा वळला, आवाज बारीक न करताच हळू झाला, आणि त्या पांढऱ्या केसांच्या माणसात एक बाई उभी राहिली. कर्णाला पाहिलेली बाई. तिला लाजही आहे, भीतीही आहे, आणि आतून आनंदही झालाय. बाईच्या मनातली इतकी आडोशाची गोष्ट एक म्हातारा पुरुष भरल्या सभागृहात सांगत होता आणि तिला दोष देत नव्हता. संबळाची लय वाढत गेली. मी मायकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं. डोळे कोरडेच, पण पापणी लवत नव्हती.

खेळ संपला, टाळ्या झाल्या, लोक उठले. माय बसूनच. मग म्हणाली, "दिवटीत तेल घालाचं राह्यलं." गोंधळ झाला की घरच्या बाईनं दिवटीला तेल घालायचं, ही आमच्याकडची रीत. इथं कुणाकडं जाऊन घालणार? ती मागं वळून वळून रंगमंचाकडं बघत बाहेर आली.

दोन दिवसांनी तिला पोचवायला मी बरोबर निघालो. कसाऱ्याच्या घाटात गाडी हळू झाली. डब्यातले लोक पेंगत होते. तेव्हा ती एकदम बोलली.

"पाच दिले तिले. कोनी इचारलं व्हतं का, तुले कोन पाह्यजे म्हनून?"

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "माहेरी मी गात व्हती. लगन, हयद, जातं, माह्या आवाजाशिवाय व्हयेच ना. इथं आली त तुही आजी म्हने, पाटलाच्या घरची बाई गात नही. मंग नही गायली."

पन्नासेक वर्षं मी हिला पाहत होतो. पहाटेचं जातं आठवलं. शेजारच्या घरांतून ओव्या यायच्या, आमच्या घरातून नुसती जात्याची घरघर. ती का, हे मला त्या घाटात कळलं. रेडिओवर उमप लागले की परातीतला हात थांबायचा, तो का, तेही कळलं. आजीला दोष देऊन काय करायचं? तिच्याही सासूनं तिला तेच सांगितलं असणार. आमच्याकडं शेत, भांडी, दागिने जसे पिढीजात येतात, तसं हे गप्प बसणंही येतं.

26 नोव्हेंबर 2010 ला उमप गेले. नागपूरला, दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच. वय 79. मी गावी फोन केला तर मायला टीव्हीवर आधीच कळलं होतं. म्हणाली, "उभ्या उभ्या गेला ना? मंग चांगलं गेला." आणि फोन ठेवून दिला. माझ्या भावजयीनं नंतर सांगितलं, त्या दिवशी तिनं जेवण केलं नाही.

पुढच्या लगीनसराईत घरात पुतण्याचं लग्न झालं. गोंधळी आले. जुने गोंधळी नव्हे, त्यांचा मुलगा. त्यानं तासाभरात उरकायला घेतलं. मायनं विचारलं, "भाऊ, जांभूयाची गोठ येते का?" तो ओशाळला. म्हणाला, "वडलांना यायची मावशी. आता कोन ऐकतं? डीजेवाला वाट पाहून राह्यला." त्याचं चूक नव्हतं. बाहेर खरंच डीजेचा ट्रॅक्टर उभा होता आणि पोरं घड्याळ बघत होती. माय म्हणाली, "मंग उद्या ये. मी ऐकते."

तो खरंच आला, दुसऱ्या दिवशी दुपारी. मायनं त्याला दाराबाहेर बसू दिलं नाही. ओसरीवर सतरंजी टाकली, चहा दिला, आजूबाजूच्या बायकांना हाक मारली. त्यानं तुणतुणं लावलं आणि आठवेल तसं सांगायला लागला. कर्ण येईपर्यंत ठीक चाललं. द्रौपदीच्या मनाशी आला आणि अडखळला. पुढचं आठवेना. दोनदा मागं जाऊन आला, तरी तिथंच अडकायचा.

तेव्हा मायनं सूर धरला. आधी खालच्या पट्टीत, घोगरा, जात्यावरचा. मग गळा मोकळा होत गेला. सत्तरीतली माझी माय भर ओसरीवर, लेकासुनांसमोर, द्रौपदीचं मन गात होती. शब्द तिच्या माहेरचे होते, उमपांचे नव्हते. गोंधळ्यानं क्षणभर पाहिलं आणि मग तुणतुण्याची लय तिच्या ओव्यांना जुळवून दिली. बायका हसायच्या थांबल्या. भावजयीनं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं.

जांभूळ देठाला लागलं तेव्हा उन्हं कलली होती. मायनं आतून तेलाची वाटी आणली आणि स्वतःच्या हातानं दिवटीत ओतली.

गोंधळी म्हणाला, "मावशी, हे कुठून शिकल्या?"

"माहेरून आनलं व्हतं भाऊ," माय म्हणाली. "गाठोडं सोडाचं राह्यलं व्हतं."