बोट लागली!

आम्ही आसेगावची माणसं. एस.टी. लागते हे ठाऊक, पण बोटही लागते हे मालवणला कळलं! महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहायचा म्हणून उपाशीपोटीच होडीत बसले. पोटात काही नसलं की उलटी होत नाही, ही माझी समजूत. गोळी तासभर आधी घ्यायची. ती पर्समध्येच राहिली. होडी डुलायला लागली, तशी मी खाली पिशवीकडे बघत बसले. तिथंच चुकलं. कानाचा आतला भाग म्हणतो 'हलतेयस', डोळे म्हणतात 'छे, स्थिर आहेस'. त्या दोघांच्या भांडणात जीव आपला जातो.

दिवाळीपासून सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. 'हे' फोटो काढण्यात दंग. मी काठावर वाकले, तोच कपाळाला खरखरीत हात लागला. "खाली नको पाहू वं पोरी, दूर तटाकडे पाह्य," नावाड्याचं ऐकून त्या म्हणाल्या. पिशवीतली आलेपाकाची वडीही दिली.

परतताना दोन बिस्किटं खाऊन मी होडीच्या मधोमध बसले, नजर किनाऱ्यावर. काही झालं नाही. धक्क्यावर उतरताच मात्र सासूबाईंना उमाळा आला. मग मी त्यांचं कपाळ धरलं.